हळू उडण्याची किंमत



मागच्या खेपेला विमानाच्या चाकांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एका ताईंचा प्रश्न आहे: "भारतात जाताना मला नेहमी पंखामागची खिडकी मिळते. पंखाचं टोक वर वळवलेलं दिसतं. काही विमानांना असतं, काहींना नसतं. ते कशासाठी?" दोन ओळींचा प्रश्न, म्हणून दोन ओळींचं उत्तर लिहायला बसलो आणि "त्याने इंधन वाचतं" एवढं लिहून थांबलो. कसं वाचतं, हा पुढचा प्रश्न माझा मलाच पडला. 'टोकाशी होणारे भोवरे अडवले जातात' हे उत्तर सगळीकडे मिळतं, पण ते अर्धवट आहे. नीट सांगायचं तर इंड्यूस्ड ड्रॅग नावाच्या प्रकरणाशी दोन हात करावे लागतात. (मराठीत 'प्रवर्तित ओढ' म्हणता येईल, पण ते वाचून कुणालाच काही कळणार नाही. चांगला शब्द सुचला तर जरूर कळवा.)

या प्रकरणाशी माझं जुनं वैर आहे. मी पदवीने मेकॅनिकल इंजिनियर. कॅम्पसमधून आयटीत गेलो तो तिकडचाच झालो. आपल्यापैकी निम्म्या मंडळींची हीच कथा असेल. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर परीक्षेपुरता घोकला आणि विसरलो. पुढे अमेरिकेत आल्यावर, खिशात चार पैसे खुळखुळायला लागले तेव्हा लहान विमान चालवायला शिकायची हुक्की आली. आणि ते घोकलेलं प्रकरण एका शनिवारी सकाळी जमिनीपासून तीनशे फुटांवर पुन्हा भेटलं.

विमान होतं सेस्ना १७२. चार सीटचं, पंख वर आणि माणसं खाली. उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर होतो, फ्लॅप्स पूर्ण बाहेर काढलेले. आपण ठरलेल्या वाटेपेक्षा खाली आलोय हे मला दिसत होतं, कारण धावपट्टी नेहमीपेक्षा चपटी दिसायला लागली होती. खाली आलोय म्हणजे वर जायला हवं, आणि वर जायचं तर नाक वर करायचं, असा माझा सरळ हिशोब. मी योक ओढला. नाक वर झालं, विमान क्षणभर तरंगल्यासारखं वाटलं, आणि मग आधीपेक्षा जोरात खाली जायला लागलं. मी आणखी ओढला. वेगाचा काटा ६५ नॉट्सवरून ५० च्या खाली गेला आणि स्टॉलची सूचना देणारा भोंगा कुंईऽऽ करायला लागला. शेजारच्या इन्स्ट्रक्टरने अगदी शांत आवाजात "माय एअरप्लेन" म्हटलं, थ्रॉटल पूर्ण आत ढकलला, नाक थोडं खाली केलं (हो, खाली!) आणि विमान सावरलं. आम्ही न उतरताच धावपट्टीवरून पुढे गेलो आणि पुन्हा एक फेरी मारून आलो.

उतरल्यावर त्याने पेट्रोलच्या पावतीच्या मागे पसरट वाटीसारखी एक रेघ काढली. आडव्या अक्षावर वेग, उभ्यावर ड्रॅग. वाटीच्या डाव्या चढावर एक ठिपका मारला आणि म्हणाला, तू इथे होतास. इंजिनियर आहेस ना, घरी जाऊन विचार कर.

तर त्या ठिपक्याची ही गोष्ट.

आधी लिफ्टचं बघू. शाळेत आपल्यापैकी बहुतेकांना असं शिकवलं गेलं की पंखाचा वरचा भाग फुगीर असतो, त्यामुळे वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावं लागतं. खालच्या हवेला मागच्या कडेवर वेळेत गाठायचं म्हणून ती जोरात पळते, जोरात पळाली की दाब कमी, आणि पंख वर खेचला जातो. यातलं 'वरची हवा जोरात जाते आणि तिथे दाब कमी असतो' हे खरं आहे. पण 'वेळेत गाठायचं म्हणून' ही निव्वळ भाकडकथा. हवेच्या दोन कणांनी पुढच्या कडेला निरोप घेताना मागे भेटायचं ठरवलेलं नसतं. विंड टनेलमध्ये धूर सोडून पाहिलं तर वरचा धूर खालच्याच्या बराच आधी मागे पोचलेला दिसतो. शिवाय कसरतीची विमानं उलटी उडतात, त्यांचं काय?

मूळ हिशोब सोपा आहे. विमानाचं वजन खाली ओढतंय, तर विमानाला कशाला तरी खाली ढकलायला हवं, आणि ढकलण्यासाठी आसपास हवेशिवाय काही नाही. पंख थोडा तिरका राहून येणाऱ्या हवेला खाली वळवतो. हवा खाली, पंख वर. हेलिकॉप्टरखाली एकदा उभं राहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. वरचा कमी दाब आणि खाली वळलेली हवा या दोन वेगळ्या थिअरी नाहीत. एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी आहेत.

आता खरी गंमत. दर सेकंदाला किती हवा आणि किती वेगाने खाली ढकलायची, याला पर्याय आहेत. पुष्कळ हवा हळूच ढकलली काय किंवा थोडी हवा जोरात ढकलली काय, लिफ्ट तेवढीच मिळते, कारण लिफ्ट म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. पण त्या हवेला दिलेली ऊर्जा असते अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. म्हणजे निम्मी हवा दुप्पट वेगाने ढकलली तर लिफ्ट तेवढीच राहते आणि खर्च मात्र दुप्पट होतो. हवेत सोडून दिलेली ही ऊर्जा इंजिनाकडूनच वसूल होते, आणि ही वसुली पंखाला ड्रॅगच्या रूपाने जाणवते. हाच तो इंड्यूस्ड ड्रॅग. पुस्तकात हेच 'लिफ्टचा बाण किंचित मागे कलतो' असं सांगतात. आकृती छान दिसते, पण पैसे कुठे गेले ते तिच्यातून कळत नाही.

मग पंखाच्या तावडीत किती हवा सापडते? उत्तम आकाराच्या पंखासाठी गणितातून एक फार सुंदर उत्तर निघतं. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्यास धरून हवेत एक वर्तुळ काढा. त्या वर्तुळातून जेवढी हवा जाईल तेवढी. पंख पुढून मागे किती रुंद आहे याचा इथे संबंध नाही, फक्त लांबी.

माझ्या सेस्नाचे आकडे घालून बघू. पंखाची लांबी ११ मीटर, पूर्ण भरल्यावर वजन सुमारे ११५७ किलो. ताशी २०० किलोमीटर वेगाने उडताना त्या वर्तुळातून दर सेकंदाला जवळजवळ साडेसहा टन हवा जाते. एवढं साधं खेळण्यातलं वाटणारं विमान, आणि दर सेकंदाला साडेसहा टन! तिला खाली ढकलायचा वेग पडतो सेकंदाला पावणेदोन मीटर आणि खर्च येतो साधारण १३ हॉर्सपॉवर. आता वेग निम्मा करा, ताशी १०० किलोमीटर, म्हणजे ५४ नॉट्स. हवा निम्मीच सापडली, सव्वातीन टन. वजन तर तेवढंच आहे, त्यामुळे तिला दुप्पट जोराने, साडेतीन मीटर वेगाने ढकलावं लागलं. खर्च दुप्पट, २६ हॉर्सपॉवर. आणि ड्रॅगचं बल चौपट: १८ किलोवरून ७२ किलोच्या आसपास. खरा पंख इतका आदर्श नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच.

म्हणजे बघा, हा ड्रॅग आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या बरोबर उलटा आहे. सायकल, मोटार, होडी, सगळीकडे हळू गेलं की रोध कमी. तो नेहमीचा रोध विमानालाही असतोच. हवेशी घासण्याचा आणि हवा बाजूला सारण्याचा, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. इंड्यूस्ड ड्रॅग वेगाच्या वर्गाने कमी होतो. दोघांची बेरीज केली की ती वाटी तयार होते. दोन्ही ड्रॅग सारखे होतात तिथे वाटीचा तळ. फ्लॅप्स आत असलेल्या सेस्ना १७२ साठी हा तळ ६५-६८ नॉट्सच्या आसपास येतो, आणि इंजिन बंद पडलं तर जास्तीत जास्त लांब तरंगत जाण्यासाठी हाच वेग धरायला शिकवतात. फ्लॅप्स काढले की तळ आणखी डावीकडे सरकतो, पण वाटीचा आकार तोच.

तळाच्या उजवीकडे असाल तर सगळं स्वभावाप्रमाणे चालतं. नाक थोडं वर केलं, वेग जरा कमी झाला, ड्रॅग कमी झाला, विमान वर गेलं. डावीकडे गेलात की तेच हात उलटं काम करायला लागतात. नाक वर केलं, वेग कमी झाला, ड्रॅग वाढला, त्यामुळे वेग आणखी कमी, ड्रॅग आणखी जास्त. क्षणभर जी उंची मिळाल्यासारखी वाटते ती वेग विकून घेतलेली असते. क्रेडिट कार्डाचं किमान बिल दुसऱ्या कार्डाने भरण्याचा प्रकार. बाहेर पडायला दोनच रस्ते: इंजिनाची शक्ती वाढवा, नाहीतर नाक खाली करून वेग परत मिळवा, आणि त्यासाठी खाली उंची शिल्लक असावी लागते. माझ्याकडे तीनशे फूट होते, आणि शेजारी शहाणा माणूस होता.

हे फक्त शिकाऊंचं दुखणं आहे असं समजू नका. बे एरियातल्या मंडळींना ६ जुलै २०१३ आठवत असेल. सोलहून आलेलं एशियाना एअरलाइन्सचं बोइंग ७७७, फ्लाइट २१४, सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. स्वच्छ ऊन. आधी विमान वाटेपेक्षा वर होतं म्हणून इंजिनं आयडलवर नेलेली. ऑटोथ्रॉटल वेग सांभाळेल असा वैमानिकाचा समज, पण ज्या मोडमध्ये तो गेला होता त्यात तो वेगाकडे बघतच नव्हता. मग विमान वाटेच्या खाली आलं, आणि नाक वर होत गेलं. धरायचा वेग होता १३७ नॉट्स. तो उतरत उतरत १०३ नॉट्सवर आला. आपल्याच हिशोबाने १३७ भागिले १०३ चा वर्ग करा: इंड्यूस्ड ड्रॅग जवळजवळ पावणेदोनपट, आणि त्याच्याशी झगडायला इंजिनं झोपलेली. शक्ती वाढवली तेव्हा उशीर झाला होता. मोठं जेट इंजिन आयडलवरून जागं व्हायला काही सेकंद घेतं. शेपूट समुद्राकाठच्या भिंतीला आपटली. विमानात ३०७ माणसं होती, त्यांतली ३ गेली.

अपघाताचं कारण इंड्यूस्ड ड्रॅग असं कुणी म्हणणार नाही. वेगाकडे लक्ष नसणं, ऑटोमेशनवरचा आंधळा भरवसा, ही खरी कारणं, आणि चौकशी अहवालात त्यांचीच चर्चा आहे. पण लक्ष नसताना सेकंदासेकंदाला परिस्थिती आपोआप बिघडत जाते ती या वाटीच्या डाव्या चढामुळे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ऑटोथ्रॉटलच्या त्या मोडवर एक वेगळा लेख लिहिता येईल. असो.

आणखी एक जागा आहे जिथे हा ड्रॅग दबा धरून बसलेला असतो, ती म्हणजे वळण. विमान वळताना कलतं आणि लिफ्टचा काही भाग वळवण्यात खर्च होतो, म्हणून एकूण लिफ्ट वाढवावी लागते. इंड्यूस्ड ड्रॅग लिफ्टच्या वर्गाने वाढतो. ४५ अंश कलून उंची न सोडता वळलात की लिफ्ट १.४ पट आणि हा ड्रॅग दुप्पट. ६० अंशात लिफ्ट दुप्पट, ड्रॅग चौपट. धावपट्टीच्या रेषेत यायचं वळण चुकलं म्हणून शेवटच्या क्षणी करकचून वळवणं हा लहान विमानांचा जुना काळ आहे.

आता पंखाच्या टोकाकडे येऊ, म्हणजे ताईंच्या प्रश्नाकडे.

पंखाखाली दाब जास्त, वर कमी. मधल्या भागात हवेला वर जायला वाट नाही, पण टोकाशी आहे. तिथे ती खालून वर वळसा घालते, आणि प्रत्येक टोकामागे एक लांबलचक भोवरा सुटतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरने, जो खरं तर मोटारी बनवायचा, १९०७ च्या आपल्या पुस्तकात हे भोवरे मांडले. पुढे गॉटिंगेनच्या लुडविग प्रांट्लने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्याचं नेटकं गणित बसवलं. विजेच्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र 'इंड्यूस' होतं त्याच गणिताने भोवऱ्याभोवती हवेचा वेग निघतो, म्हणून नावात तो 'इंड्यूस्ड'. इलेक्ट्रिकलवाल्या मित्रांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही :-)

यावरून लोकांचा असा समज होतो की भोवरा हे कारण आणि ड्रॅग हा परिणाम. टोकाला आडवी भिंत घालून भोवरा अडवला की काम फत्ते. तसं नाही. मर्यादित लांबीचा पंख मर्यादित हवेलाच खाली ढकलू शकतो. मधली हवा खाली जाते आणि बाजूची वर येते, आणि जिथे दोघी घासून जातात तिथे भोवरा दिसतो. लिफ्ट आहे तोवर भोवरा राहणारच. आपल्या हातात एवढंच आहे की त्याच लिफ्टसाठी जास्त हवा पकडायची, म्हणजे पंख लांब करायचा.

लांबीने काय फरक पडतो याचं माझं आवडतं उदाहरण गॉसमर अल्बट्रॉस. १२ जून १९७९ ला ब्रायन ॲलन हा सायकलपटू पायडल मारत, कुठल्याही इंजिनाशिवाय, इंग्लंडहून फ्रान्सला इंग्लिश खाडी ओलांडून गेला. २ तास ४९ मिनिटं. पॉल मॅकक्रेडीच्या या विमानाचं वजन ३२ किलोच्या आसपास, माणसासकट शंभर किलोच्या आत, आणि पंख जवळजवळ ३० मीटर, म्हणजे माझ्या सेस्नाच्या पावणेतीनपट! ताशी १९ किलोमीटर इतक्या सायकलच्या वेगाने जातानाही त्याच्या वर्तुळातून दर सेकंदाला साडेचार टन हवा जाते आणि तिला सेकंदाला २० सेंटीमीटरच्या आसपासच ढकलावं लागतं. खर्च साधारण १०० वॅट. तोच माणूस, तेच वजन, तोच वेग आणि पंख मात्र ११ मीटरचा असता तर हा एकटा खर्च ७०० वॅटच्या पुढे, म्हणजे जवळजवळ एक हॉर्सपॉवर. एवढी ताकद पावणेतीन तास सलग देणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मग सगळ्याच विमानांना लांब पंख का नाही देत? कारण पंख मुळाशी वाकतो. टोकाकडे उचलणारं बल जितकं दूर तितका मुळाशी मरोड जास्त, तेवढं धातूचं वजन जास्त, आणि वाढलेलं वजन उचलायला पुन्हा लिफ्ट. शिवाय विमानतळावर उभं करायला जागा लागते. मोठ्या विमानांच्या नेहमीच्या गेटसाठी पंखाची लांबी ६५ मीटरच्या आत असावी लागते. म्हणून बघा, बोइंग ७४७-४०० चा पंख ६४.४ मीटर, ७७७-३००ईआर चा ६४.८. लांबी अशी योगायोगाने जुळत नसते. वायुगतिकीचं गणित विमानतळाच्या पार्किंगवाल्याने संपवलेलं आहे.

आडवं वाढता येत नसेल तर उभं वाढा. मुंबईच्या बिल्डरांना हे आधीपासून माहीत आहे. नासाच्या लँग्ली केंद्रातल्या रिचर्ड व्हिटकॉम्बने १९७६ मध्ये विंगलेटची नीट मांडणी केली. नुसती उभी भिंत घालून भागत नाही. ते स्वतः एक छोटं, काळजीपूर्वक वळवलेलं पंखच असतं. टोकाशी आत वळणाऱ्या हवेत ते अशा कोनात बसवतात की त्याच्यावरचं बल किंचित पुढे झुकतं, जसं शिडाच्या होडीला तिरक्या वाऱ्यात पुढे जाता येतं. १९७९-८० मध्ये केसी-१३५ या लष्करी विमानावर चाचण्या झाल्या आणि इंधनात साडेसहा टक्क्यांच्या आसपास बचत दिसली. पुढे ७४७-४०० वर ते आले आणि मग सगळीकडे. समपातळीवर उडणाऱ्या प्रवासी जेटच्या एकूण ड्रॅगमध्ये सुमारे ४० टक्के वाटा इंड्यूस्डचा असतो, आणि उड्डाणानंतर हळू चढताना तर ८०-९० टक्क्यांपर्यंत. तेव्हा थोडी बचतही वर्षभराच्या इंधनात भरपूर होते.

तर ताई, ज्यांना टोक वर वळलेलं नसतं त्यांचं काय? ७७७-३००ईआर किंवा ७८७ चं टोक बघा. ते मागे तिरकं निमुळतं होत गेलेलं असतं. तिथे लांबीची चैन थोडी परवडली, म्हणून आडवंच वाढवलं. मूळ उद्देश तोच. आणि बोइंगने ७७७एक्स मध्ये तर सरळ टोकं दुमडणारी केली. हवेत ७१.८ मीटर, जमिनीवर टोकं उभी केली की ६४.८. पार्किंगवाल्याला उत्तर मिळालं.

विंगलेट लावा नाहीतर पंख दुमडा, भोवरा मागे राहतोच, आणि मागून येणाऱ्याला तो दिसत नाही. विमान जितकं जड आणि जितकं हळू तितका भोवरा तगडा, म्हणजे नेमका विमानतळाच्या आसपास. म्हणून टॉवर लहान विमानांना "कॉशन, वेक टर्ब्युलन्स" असं बजावत असतो, आणि ए-३८० च्या मागे उतरणाऱ्या लहान विमानाने ८ सागरी मैल अंतर ठेवायचं असतं. मला सुरुवातीला हा नियम म्हणजे सरकारी काळजीचा अतिरेक वाटायचा. मग ७ जानेवारी २०१७ ची घटना वाचली. आखातातल्या मंडळींच्या तर अगदी वाटेवरची. अरबी समुद्रावर मालेहून अबू धाबीला निघालेलं चॅलेंजर ६०४ हे बिझनेस जेट ३४,००० फुटांवर होतं. समोरून, बरोबर एक हजार फूट वरून, दुबईहून सिडनीला जाणारं ए-३८० पार झालं. नियमाप्रमाणे अंतर ठीक. पण भोवरे हळूहळू खाली उतरतात. थोड्या वेळाने चॅलेंजर त्यात सापडलं, गर्रकन अनेक कोलांट्या खाल्ल्या आणि ८,००० फुटांहून जास्त खाली कोसळलं. वैमानिकांनी ते सावरून मस्कतला उतरवलं. प्रवासी जखमी झाले, पण सगळे वाचले. विमानाचा सांगाडा मात्र इतका पिळला गेला होता की ते पुन्हा दुरुस्त करण्यात अर्थ उरला नाही. आपण विमानात बसून बाहेर निळं शांत आकाश बघतो तेव्हा त्यात असे अदृश्य दोरखंड पसरलेले असतात.

त्याच भोवऱ्याची दुसरी बाजू मात्र फुकटात उचलून देते. पंखांच्या मधल्या पट्ट्यात हवा खाली जाते, पण टोकाच्या बाहेर ती वर येते. थंडीच्या सुरुवातीला इथल्या आकाशातून गीझ पक्षी व्ही आकारात जातात ते याच वर येणाऱ्या हवेत पंख ठेवून. नोव्हेंबर २०२१ मध्ये एअरबसने दोन ए-३५० विमानं तुलूजहून माँट्रियलला अशीच एकामागे एक, ३ किलोमीटर अंतर ठेवून नेली आणि मागच्याचं इंधन वाचवून दाखवलं. बदकांना पेटंट मिळायला हवं होतं.

जाता जाता, जमिनीचा मजेदार प्रकार. जमिनीजवळ हवेला खाली जायला जागाच नसते, त्यामुळे इंड्यूस्ड ड्रॅग एकदम घटतो. पंखाच्या लांबीच्या पाव उंचीवर सुमारे २४ टक्के. म्हणूनच उतरताना शेवटच्या क्षणी सेस्ना टेकायचं नावच घेत नाही, धावपट्टीवर तरंगत राहते, आणि शिकाऊ माणूस घामाघूम होतो. उड्डाणाच्या वेळी हाच प्रकार फसवा. उन्हाळ्यात कोलोरॅडोसारख्या उंचावरच्या धावपट्टीवरून जड विमान या सवलतीच्या जोरावर उठतं, आणि दहा-पंधरा फूट वर जाऊन सवलत संपली की पुढे चढायला ताकदच उरत नाही.

माझ्या शिकण्याचं पुढे काय झालं असं दोघातिघांनी विचारलंय. त्या शनिवारनंतर आणखी काही तास उडवलं, एकट्याने तीन वेळा उतरलोसुद्धा. मग घरी पाळणा हलला आणि शनिवार सकाळ, बँकेतले पैसे, दोन्ही तिकडे वळले. पण त्या एकट्याच्या दुसऱ्या फेरीत मी पुन्हा एकदा वाटेपेक्षा खाली आलो होतो. धावपट्टी चपटी दिसली. डावा हात योक ओढायला निघालाच होता. त्याआधी उजव्याने थ्रॉटल पुढे केला.

ताई, पुढच्या वेळी जुलै-ऑगस्टात मुंबईला उतरणार असाल तर तुमची ती पंखामागचीच खिडकी घ्या. फ्लॅप्स पूर्ण बाहेर आले की त्यांच्या बाहेरच्या कडेपासून मागे जाणारी एक पांढरी, पीळ घातलेली दोरी दिसेल. पावसाळी हवेतला दमटपणा भोवऱ्याच्या पोटात गार होऊन दिसायला लागतो. काही सेकंद दिसते, पुसते, परत दिसते.

चू.भू.द्या.घ्या. पुढच्या खेपेला फ्लॅप्स.